दुकान आवरतानाच्या नोंदी (उद्यमनगर, कोल्हापूर)

७ जानेवारी २०२५, मंगळवार

काल रात्री आमच्या ट्रस्टच्या समितीच्या बैठकीत शिक्कामोर्तब झालं. जुन्या सामानाचं दुकान ३१ मार्चला बंद. गाळ्याचा करार त्याच दिवशी संपतो, मालकाला जागा विकायची आहे आणि नव्या जागेचं भाडं, डिपॉझिट हे सगळं परत अंगावर घ्यायला समितीत कुणाचीच तयारी नाही. आवराआवरीचं काम माझ्याकडे आलं. अध्यक्षकाका म्हणाले, "जे होईल ते लिहून ठेव. पुढं ऑडिटरला उत्तरं द्यायला बरं पडतंय."

वही पुढं कुणाच्या हातात जाईल माहीत नाही, म्हणून थोडं मागचं. २०१९ च्या महापुरानंतर लोकांनी मदत म्हणून इतकं सामान दिलं की ते ठेवायचं कुठं हाच प्रश्न झाला. त्यातून हे दुकान निघालं. लोक दारं, खिडक्या, चौकटी, कपाटं, खाटा, सिंक, फरश्या देतात. आम्ही ते साफसूफ करून स्वस्तात विकतो. खर्च भागून जे उरेल ते घरदुरुस्ती निधीत जातं. घरकुल मंजूर झालंय पण काम अडलंय अशा कुटुंबांना या निधीतून बिनव्याजी उसने पैसे मिळतात. शहरातल्या घरकुलाला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख मिळतात खरे, पण ते हप्त्यानं. जोत्याचा फोटो, लिंटलचा (दार-खिडक्यांवरच्या पट्ट्याचा) फोटो, स्लॅबचा फोटो, मग पुढचा हप्ता. पहिला खड्डा स्वतःच्याच पैशानं मारावा लागतो. गाडी अडते ती तिथं.

कल्पना आमच्या डोक्यातली नव्हे. गरजूंसाठी घरं बांधणाऱ्या हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी या संस्थेनं १९९१ साली कॅनडातल्या विनिपेगला असं पहिलं दुकान काढलं. त्यांच्या घरांवर स्वतः हातोडा घेऊन राबणारे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर गेल्याची बातमी गेल्याच आठवड्यात आली. २००६ साली ते लोणावळ्याजवळ मळवलीला आले होते, शंभर घरांच्या कामावर. बैठकीत कुणीतरी ती बातमी वाचून दाखवली आणि पुढचाच विषय दुकान बंद करण्याचा निघाला.

११ जानेवारी, शनिवार

मोजदाद सुरू. सुतारमामा, बिलावर बसणाऱ्या वहिनी, दोन पोरं आणि मी. खडूनं खुणा करायच्या ठरल्या. घरकुलासाठी राखीव त्याला 'घ', खुल्या विक्रीला 'वि', भंगारात जाईल त्याला फुली.

पहिल्याच रांगेत वाद. शुक्रवार पेठेतला वाडा उतरवला तेव्हा आलेली तीन दारं भिंतीला टेकवून ठेवलेली होती. वरून बघितली तर कुणीही फुली मारेल. हिरवा ऑइलपेंट पोपडे धरलेला, खालच्या कडेला पाण्याची रेघ, एक बिजागरी गायब. मामा काही बोलले नाहीत. एक दार आडवं केलं, कोपऱ्यात पटाशीनं खरवडलं. हिरव्याखाली निळा, निळ्याखाली कसला तरी चॉकलेटी, मग लाकूड. त्यावर रंध्याचा एक हात मारला. पातळ सोनेरी भुगा निघाला आणि सगळ्या गाळ्यात सागवानाचा वास सुटला.

"ह्याला फुली मारतीस? नव्या घरात लावलं तर नातवाचं लगीन बघंल हे दार."

तिन्ही दारांवर 'घ'.

१६ जानेवारी, गुरुवार

फ्लश डोअर, म्हणजे प्लायची सपाट दारं, वेगळी काढली. दारांमध्ये संख्येनं तीच जास्त. बंगल्यांची डागडुजी निघाली की पहिली ती बाहेर पडतात. दिसायला चकचकीत, गिऱ्हाईक आधी तिकडंच वळतं.

पण पूररेषेत ही दारं कुचकामी. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला ५६ च्या वर. धोक्याची पातळी ४३. पाणी येऊन एका रात्रीत उतरलं असतं तर गोष्ट निराळी, ते दिवसचे दिवस घरात बसून राहिलं. प्लायचा डिंक सुटतो, पापुद्रे निघतात, आतला भुसा फुगतो. नंतर ते दार उन्हात ठेवून उपयोग नसतो, चुलीत घालायच्याही लायकीचं राहत नाही. सागवानही फुगतं, पण सावलीत सावकाश वाळू दिलं की जागेवर येतं. कडेला दोन सूत रंधा मारला की परत चौकटीत बसतं. पूर सोसलेल्या सुतारवाड्यात, चिखलीत, आंबेवाडीत हे कुणाला शिकवावं लागत नाही. अडतं ते किमतीला. नवं सागवानी दार घरकुलाच्या बजेटात बसणं शक्य नाही. आमच्याकडं जुनं सागवानी दार नव्या फ्लश डोअरच्या भावात मिळायचं.

माझ्या मते दुकानाचा खरा उपयोग एवढाच होता. कपाटं आणि सोफे विकायला गावात दुकानं भरपूर आहेत.

२५ जानेवारी, शनिवार

खजिनदारांबरोबर हिशेब. सहा वर्षांचे आकडे समोर ठेवले. दुकान तोट्यात कधीच नव्हतं, पण भाडं, पगार, छोट्या हत्ती टेम्पोचं डिझेल आणि वीजबिल जाऊन निधीत पडायची रक्कम वर्षाला एका घराच्या स्लॅबला पुरेल न पुरेल इतकीच. शेवटच्या दोन वर्षांत तर तेवढीही नाही. खजिनदारांचा मुद्दा साधा. एवढी उठाठेव करण्यापेक्षा दहा देणगीदारांना फोन करा, तितके पैसे जमतील.

आकडा बरोबर आहे. पण या हिशेबात दार कुठंच नाही. गरजू कुटुंबाला निम्म्याहून कमी भावात सागवानी दार दिलं की वहीत ते 'कमी विक्री' म्हणून दिसतं. तेच दार फर्निचरवाल्याला चढ्या भावानं विकलं की निधी वाढला. म्हणजे आपलं काम जितकं चांगलं होईल तितका ताळेबंद वाईट. हे मी बोलून दाखवलं. खजिनदार म्हणाले, "ताई, ताळेबंदाला दार कळत नाही, रुपये कळतात." त्यांचंही चूक नाही. दुकानाचा हिशेब वेगळ्या वहीत ठेवायचा, तो आयकरवाल्यांना दाखवायचा, हे सगळं त्यांच्याच डोक्याला आहे.

बाहेरदेशी ही दुकानं का चालतात यावरही बोलणं झालं. तिकडं जुनं किचन काढलं की ते टाकून द्यायला पैसे मोजावे लागतात. शिवाय अमेरिकेत वस्तू दान केली तरी करात सवलत मिळू शकते. म्हणजे देणाऱ्याचा दोन्हीकडून फायदा. आपल्याकडं ८०जी ची करसवलत फक्त पैशाच्या देणगीला, त्यातही रोख दोन हजारांच्या वर असेल तर नाहीच. वस्तूला काही नाही. आणि जुनं लाकूड इथं कचरा कधीच नव्हतं. वाडा पाडायचा असला की पाडकामाचा ठेकेदार उलट मालकालाच पैसे मोजतो आणि खांब, तुळया, दारं, कौलं, लोखंड सगळं घेऊन जातो. आम्ही जाऊन हात पसरणार, "दान द्या." कोण देईल? ज्याला पैशाची गरज नाही तो, किंवा ज्याच्या आईचा पुरात संसार गेला होता तो. अशा माणसांवर सहा वर्षं दुकान चाललं हेच खरं तर विशेष.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दारावर पाटी लावली: 'सामान घेणे बंद.' तरी रात्रीत कुणीतरी दोन गाद्या आणि एक तुटका पाळणा टाकून गेलं. पाटीला टेकवूनच.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

कामगारांचं. दहापेक्षा कमी माणसं असल्यानं ग्रॅच्युइटीचा कायदा आपल्याला लागत नाही असं खजिनदारांनी बैठकीत सांगितलं. कायद्यानं बरोबर. अध्यक्षकाका म्हणाले, "लागत नसू दे, द्यायची." वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, आणि महिन्याच्या पगाराला २६ नं भागायचं, ३० नं नाही. हा भागाकार मी तीनदा समजावून सांगितला, कारण ३० नं भागलं की प्रत्येकाचे हजारावर रुपये कमी होतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. एक महिन्याची नोटीस सगळ्यांना लेखी.

वहिनींना एका हार्डवेअरच्या दुकानात काम मिळतंय. ड्रायव्हर आण्णांची गाडी त्यांचीच आहे, त्यांना भाडी मिळतील. मामा म्हणाले, "माझं काय, हत्यारं माझीच हाईत."

२२ फेब्रुवारी, शनिवार

'घ' खुणेच्या मालाची विक्री, खुल्या विक्रीच्या आधी. यावरून बरीच घासाघीस झाली होती. खजिनदारांचं म्हणणं, एका फर्निचरवाल्याला सगळा माल उक्त्यानं देऊ, एका दिवसात गाळा मोकळा. तो माणूस येऊन बघूनही गेला. त्याचा डोळा बरोबर सागवानावरच होता, बाकीचं तो नाइलाजानं उचलणार. म्हणजे साय त्याला आणि ताक आम्हाला. शेवटी समितीनं मान्य केलं: आधी घरकुलाच्या यादीतली कुटुंबं, मग बाकीचे.

यादीतल्या लोकांना सांगून ठेवलं होतं की चौकटीचं माप घेऊन या. निम्मे लोक माप न घेता आले. एक काकी मात्र सुतळी घेऊन आल्या होत्या. सुतळीला दोन गाठी. एक गाठ रुंदीची, एक उंचीची. टेप घरात नव्हता म्हणे. मामांनी सुतळी दारावर ताणली, वरच्या गाठीला दार तीन बोटं जास्त.

"काकी, खालनं कापावं लागंल."

"कापा की. खालचं कुजकंच हाय त्ये."

मग डाव्या-उजव्याचा प्रश्न. त्यांचं दार उघडणार भिंतीच्या बाजूला, आणि या दाराच्या बिजागऱ्यांच्या खाचा दुसऱ्या कडेला. मामांनी दार उलटं फिरवून दाखवलं, खाचा बुजवायला लाकडाची चकती कशी बसवायची ते त्यांच्या मुलाला सांगितलं आणि कोयंडा आमच्याकडच्याच डब्यातून काढून दिला. काकींनी कडी वाजवून बघितली, दाराच्या अंगावरून हात फिरवला, मग पदराची गाठ सोडली. शुक्रवार पेठेच्या वाड्यातलं पहिलं दार सुतारवाड्याकडं गेलं.

एक तरुण जोडपं आलं होतं, त्यांना सागवान नको होतं. "जुनं दिसतंय," म्हणाली ती. तिला पांढरं फ्लश डोअरच हवं होतं. घर दुसऱ्या मजल्यावर, पाण्याचा प्रश्न नाही. दिलं. सगळ्यांनी आमच्या मनासारखंच घर बांधावं असं थोडंच आहे.

२ मार्च, रविवार

खुली विक्री. सकाळी शटर उघडायच्या आधीच रस्त्यावर टेम्पो. खाटा, टेबलं, स्टीलची मांडणी, लोखंडी कपाटं पटापट गेली. भांड्यांच्या टेबलावर एवढी गर्दी की वहिनींना बिलं करायला जागा राहिली नाही. शहाबादी फरशी एका शेतकऱ्यानं गोठ्यासाठी घेतली. संडासाच्या भांड्यांना मात्र कुणी हात लावेना. नवी असती तरी लोक बिचकतात, ही तर वापरलेली.

८ मार्च, शनिवार

पॅटर्नचं काय करायचं हा प्रश्न आपोआप सुटला. शिरोलीच्या एका फौंड्रीवाल्यांनी तीन वर्षांपूर्वी पोत्यानं लाकडी पॅटर्न दिले होते. ओतकामासाठी वाळूत साचा पाडायचा तो या लाकडी नमुन्यावरून. बिडाचं ओतीव थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न नेमका तेवढा मोठा करायचा. पूर्वी उद्यमनगरात पॅटर्न करणाऱ्या कारागिरांना मोठा मान होता. आता ॲल्युमिनियमचे पॅटर्न आले, संगणकावर चालणारी मशीन आली, आणि लाकडी नमुने माळ्यावर गेले. चाकं, पंपाचे पोटभाग, ऑइल इंजिनाचे कसले कसले तुकडे, लाल-पिवळा रंग दिलेले. गिऱ्हाईक हातात घेऊन विचारायचं, "हे काय असतंय?" आणि परत ठेवायचं.

आज पुण्याहून घरसजावट करणारं एक जोडपं आलं. सगळी पोती उलटी करून फरशीवर मांडली आणि जमिनीवर बसून अर्धा दिवस निवडत राहिलं. भिंतीवर लावणार म्हणे. वहिनींनी सांगितलेला भाव ऐकून मीच चमकले, पण त्यांनी हूं की चूं न करता दिला. एका मोठ्या दातेरी चाकाला आमच्या दोन खाटांपेक्षा जास्त पैसे आले. मामांनी एक छोटा पॅटर्न बाजूला काढून ठेवला होता, पन्हळीच्या आकाराचा. "ह्यो करणारा माझ्या वळखीचा हुता," एवढंच बोलले. तो त्यांना दिला.

१८ मार्च, मंगळवार

फुलीचा माल. जुने डबडे टीव्ही, दोन मिक्सर, एक बंद पडलेला फ्रीज. भंगारवाला टीव्ही घ्यायला एका पायावर तयार. पण तो ते हातोड्यानं फोडणार, तांब्याची गुंडाळी काढणार आणि शिसं असलेली काच नाल्याकाठी टाकणार. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम आहेत. त्याप्रमाणे नोंदणी असलेल्या पुनर्प्रक्रिया केंद्राकडंच हा माल जायला हवा. पैसे कमी मिळाले, वाहतूक आपल्याच अंगावर आली. तरी पावती घेऊन फाइलला लावली.

गाद्यांचं कुणी काही करत नाही. कापूस चांगला होता तो एका पिंजाऱ्यानं नेला. फोमच्या गाद्या महापालिकेच्या गाडीत.

उद्या रंगपंचमी. पोरं येणार नाहीत, हे गृहीत.

२४ मार्च, सोमवार

कागदपत्रं. दुकान बंद होतंय, ट्रस्ट नाही. हे सगळ्यांना परत परत सांगावं लागतंय, बँकेतल्या साहेबांनाही. गाळा भाड्याचा, त्यामुळं धर्मादाय कार्यालयाची जागा-विक्रीची परवानगी वगैरे काही लागत नाही. समितीचा ठराव, मालसाठ्याची यादी, विक्रीचा हिशेब आणि ऑडिट, एवढं नीट असलं की झालं. उलाढाल ४० लाखांच्या कितीतरी आत, जीएसटी नोंदणी कधी नव्हतीच. ती एक कटकट वाचली. वीजमीटर मालकाच्या नावावर आहे, शेवटचं रीडिंग दोघांच्या सह्यांनी लिहून घेतलं.

डिपॉझिटवरून मालक कुरकुरतोय. भिंतीला खिळे फार मारलेत म्हणे. खिळे आमच्या आधीच्या लेथवाल्याचे आहेत.

२९ मार्च, शनिवार

उद्या पाडवा आणि सोमवारी रमजान ईद, म्हणून आजच शेवटची विक्री. उरलं काय? 'घ' खुणेची सात दारं, चौकटींचा एक ढीग, मंगलोरी कौलं आणि बिजागऱ्या-कड्यांचे डबे. ही दारं ज्यांच्यासाठी राखली त्यांची घरं अजून जोत्यावरच आहेत. आता दार नेलं तर ठेवणार कुठं, पत्र्याच्या खोपीत?

खजिनदारांनी परत तोच फर्निचरवाला काढला. मी म्हटलं, मालाची यादी माझ्याकडे आहे, कुणाचं कुठलं दार हे त्यावर लिहिलंय, आणि लोकांनी पैसेही भरलेत. त्यावर ते गप्प झाले. पावती झालेला माल परत विकता येत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला कळतं?

मार्ग मामांनी काढला. त्यांच्या घरामागं पडवी आहे, कोरडी. दारं तिथं उभी करायची, खाली विटा, मधे रिपा, म्हणजे हवा खेळेल. भाडं नको म्हणाले. समितीनं तरी महिन्याला थोडी रक्कम लिहून ठेवली. फुकटची जागा कधी ना कधी महागात पडते.

३१ मार्च, सोमवार

किल्ल्या दिल्या. रोकड मोजून ठेवली, बँकेत परवा भरायची; उद्या वर्षअखेरीच्या हिशेबासाठी बँका बंद. शिल्लक सगळी निधीत. आवराआवरीत आलेली रक्कम गेल्या दोन वर्षांत मिळून निधीत पडली त्याहून जास्त आहे. खजिनदार हसून म्हणाले, "दुकान बंद करण्यातच फायदा होता बघा." पॅटर्नमुळं, मी म्हटलं.

९ एप्रिल, बुधवार

बैठक. दुकान नाही, पण काम पुढं कसं न्यायचं यावर पहिल्यांदाच नीट चर्चा. मी लिहून नेलेलं मांडलं. गाळा नको, साठा नको. वाडा उतरवायला निघाला की ठेकेदाराकडंच जायचं, दान मागायला नव्हे, विकत घ्यायला. तो दारं घाऊक भावानं काढतो. आपण निधीतून तीच रक्कम मोजायची आणि दार थेट ज्या घराचं लिंटल झालंय तिथं उतरवायचं. आण्णांची गाडी भाड्यानं, मामांची मजुरी कामावर. मधलं भाडं, पगार, वीजबिल सगळं गळालं. कुटुंबाला फ्लश डोअरच्या भावात सागवान, वरचा फरक निधीचा. आणि तो फरक आता वहीत 'मदत' म्हणून दिसेल, 'कमी विक्री' म्हणून नाही.

खजिनदारांनी चष्मा काढून दोनदा वाचलं. "हे ताळेबंदात बसतंय," म्हणाले. सहा महिने करून बघायचं ठरलं. एका सदस्याला शंका: ठेकेदार भाव वाढवून सांगतील. सांगतीलच. मामांना लाकूड कळतं, घनफूट तोंडपाठ आहे, त्यांना फसवणं सोपं नाही.

२६ एप्रिल, शनिवार

गंगावेशीजवळ एक वाडा उतरवतायत. मामा आणि मी गेलो. ठेकेदार आधी हसला. संस्थावाले विकत घ्यायला आलेले त्यानं पहिल्यांदाच बघितले. चार दारं, दोन खिडक्या. एका दाराला आतून वाळवी, मामांनी पटाशीच्या मुठीनं ठोकून आवाजावरून सांगितलं. ते सोडलं. बाकीच्यांचा भाव चहावर ठरला.

१७ मे, शनिवार

वळीव जवळजवळ रोज. राखलेल्या सात दारांपैकी पाच बसली, दोन पडवीत. गंगावेशीच्या तीन दारांपैकी एक आंबेवाडीला आण्णा उद्या पोचवतील, चौकट ओली असताना दार लावू नका हे फोनवर सांगितलंय. ३१ मेच्या आत देणगीदारांची माहिती आयकराच्या संकेतस्थळावर भरायची आहे, फॉर्म १०बीडी. आठ जणांचे पॅन नंबर अजून यायचेत. मालकानं डिपॉझिटमधून खिळ्यांचे पैसे कापलेच. पावती मागितली आहे.